बिनपावतीचं बी

टार्गेट पुरं झालं म्हणून कंपनीनं हनोईला नेलं.
बेचाळीस डीलर, त्यांत बाई मी एकटी.
दीर म्हणाला होता, वहिनी, तुमच्या जागी मी जातो.
म्हटलं, भाऊजी, लायसन कोणाच्या नावावर हाय
ते बोर्डावर वाचून या.

पासपोर्टच्या चौकशीला जमादार दुकानात आला,
चहा प्याला, उंदराचं औषध फुकट नेलं,
उठता उठता विचारलं,
हे हनोई म्हंजे वर्ध्याच्या तिकडं का?
तिकडंच, म्हटलं. जरासं पुढं.

आता रस्त्याचं सांगते.
सिग्नल असतो, पण नवसाच्या दिव्यासारखा,
लागलेला असतो, एवढंच.
स्कूटरी थांबत नाहीत.
एकीवर कपाटाएवढा आरसा,
त्यात सगळी गल्ली उलटी चाललेली.
एकीवर कोंबड्यांची खुराडी. एकीवर चौघं,
मधलं पोर गाढ झोपलेलं.
पराते साहेब फुटपाथवर, हातात कंपनीचा झेंडा,
मागं एक्केचाळीस माणसं
तोरणाखाली अडलेल्या बैलांसारखी.

मला आमचा आखर आठवला.
शाळा सुटायची तेव्हाच ढोरं परतायची,
आणि त्यांच्या मधूनच घरी जावं लागायचं.
गायकी ओरडायचा: पोरी, थांबू नोको, पळू नोको,
आपल्या चालीनं चाल, ढोर वाट देते.
उतरले. चालत गेले.
पाटाचं पाणी दगडाशी फाकावं तशा
पदराच्या दोन्ही अंगांनी स्कूटरी फाकल्या.
पलीकडून वळून पाहिलं,
झेंडा अजून तिकडंच.

असं काही फार चांगलं नव्हतं, खोटं कशाला बोलू.
धुतलेला ब्लाउज तिसऱ्या दिवशीही ओलाच.
माशाच्या पाण्याचा वास भाताला, लिफ्टला, माझ्या केसांना.
बिनामटणाचं सांगितलं तर हिरवा पाला आला,
उचलून पाहिला तर खाली कोळंबी लपलेली.
टोपीवालीनं तिची कावड माझ्या खांद्यावर ठेवली,
फोटो काढ म्हणाली, दोन लाख घेतले.
रात्री हिशेब लावला, सहाशेच्या वर गेले होते.
तरी पण, आयुष्यात पहिल्यांदा
मला कोणी लाखांत लुटलं.

रात्री बाकीचे कुठं कुठं गेले, ते त्यांना ठाऊक.
मी पहाटे उठून तळ्यावर गेले.
माझ्या वयाच्या बाया पंखे घेऊन नाचत होत्या,
भर रस्त्यात, लाल पंखे,
आणि त्यांना कोणी काही म्हणत नव्हतं.
मी किती वेळ उभी होते कोण जाणे.

मग कोपऱ्यावरच्या एका बाईच्या ठेल्यावर,
अंगणवाडीत असतं तेवढ्याशा स्टुलावर बसले.
कॉफी एकेक थेंब गळत होती, पस्तीस हजारांची.
पर्समधून ठेच्याची डबी काढली.
तिनं बोट बुडवलं, चाटलं,
डोळ्याची पापणी हलली नाही.
मान डोलावली, गल्ल्यातून एक मिरची काढून दिली,
नखाएवढी, लाल.
चावली मी, आणि
माय वो.
ती हसून हसून माझ्या पाठीवर थापा मारत होती.
ती काय म्हणाली मला कळलं नाही,
मी काय म्हणाले ते तिला कळलं असावं.

मी बियाण्याची डीलर. पिशवीवर लॉट नंबर पाहून देते,
उगवण किती टक्के ते वाचून दाखवते, सही घेते.
हे बी आणलं रुमालाच्या गाठीत,
बिनपावतीचं. विमानतळावर छाती धडधडत होती.
अकरा होत्या बिया, नऊ उगवल्या,
दुकानाच्या पायरीशी, रंगाच्या रिकाम्या डब्यांत.

काल दीर आला. म्हणाला,
वहिनी, सांगा तं खरं, काय होतं तिकडं एवढं?
झाडाची एक तोडून दिली.
खाऊन पाहा, म्हटलं.

आता ओट्यावर बसला आहे, नाक पुसत,
तोंड उघडं, शब्द नाही.
समोर रस्ता रिकामा, साडेतीनची एसटी अजून यायची.
मी रांजणातून पाणी काढते आहे,
सावकाश.